काल्पनिक जगातली महानदी नकाशावर उतरवताना: क्रम, पडताळे आणि नेहमीच्या चुका

मित्रमंडळी आपल्या कादंबऱ्यांचे आणि खेळांचे नकाशे माझ्याकडे तपासायला पाठवतात. राजघराण्याच्या सात पिढ्या पाठ असतात, किल्ल्याच्या दिंडीदरवाज्याची रुंदीसुद्धा ठरलेली असते. नदी मात्र एका समुद्रातून निघून, डोंगर चढून दुसऱ्या समुद्रात उतरलेली असते. कुणाची नदी वाटेत तीनदा फाटते, तर कुणाच्या तळ्यातून चार दिशांना चार नद्या निघतात. मूळ दुखणं एकच आहे: आधी शहरं मांडली जातात आणि मग त्यांना ओवत निळी रेघ ओढली जाते. क्रम याच्या बरोबर उलटा हवा. आधी उंची, मग पाऊस, मग ओढे, मग नदी, आणि माणसं सर्वांत शेवटी.

उदाहरणासाठी एक नदी बरोबर घेऊ आणि तिला काळवेणी म्हणू. ताळा मात्र खऱ्या नद्यांशी जुळवायचा, आणि त्या शक्यतो आपल्याकडच्याच, कारण त्यांच्या काठाने आपण हिंडलेले असतो.

## तयारी

ए-३ आकाराचा कागद, दोन पेन्सिली, खोडरबर, ट्रेसिंग पेपरचे दोन-तीन ताव आणि हातभर सुती दोरा एवढं सामान पुरतं. दोरा नदीची लांबी मोजायला लागतो. पेन शेवटच्या दिवसापर्यंत हातात घ्यायचं नाही.

कागदाला हात लावण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा, घाटमाथ्याचा एखादा नकाशा समोर ठेवून तासभर नुसता पाहा. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ओढा ओलांडताना टोकदार होतात आणि ते टोक नेहमी उगमाकडे असतं. ही एक गोष्ट नजरेत बसली की निम्म्या चुका होतच नाहीत.

मग कथेला या नदीकडून काय हवं आहे ते एका ओळीत लिहा. दोन राज्यांमधली सरहद्द हवी असेल, तर खोल घळीतून वाहणारा लांब पल्ला लागेल. व्यापार हवा असेल, तर नावा चालतील असा सपाट पल्ला लागेल. दोन्ही हवं असेल तर नदी लांब पाहिजे.

## टप्पा १: प्रमाण आणि किनारा

किनारा काढा, उत्तर दिशा दाखवा आणि १ सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर ते ठरवा. काळवेणीच्या नकाशावर मी १ सेंटिमीटरला ४० किलोमीटर धरले आहेत.

इथेच पहिली गफलत होते. महानदी हवी असते, पण जमीन असते बेटाएवढी. गोदावरी १४६५ किलोमीटर लांब आहे आणि तिचं खोरं सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्र राज्यापेक्षा किंचित मोठं. एवढ्या जमिनीवरचं पाणी गोळा होतं तेव्हा कुठे राजमहेंद्रीला तो विस्तीर्ण पट्टा दिसतो. तुमचं बेट २०० किलोमीटर रुंद असेल, तर तिथे सुंदर नद्या होतील, पण महानदी होणार नाही.

पडताळा: उगम आणि मुख यांमधलं सरळ अंतर मोजा आणि नदीची खरी लांबी त्याच्या साधारण दीडपट धरा. त्र्यंबकपासून गोदावरीच्या मुखापर्यंत सरळ रेषेत सुमारे ९५० किलोमीटर भरतात, आणि नदी चालते १४६५. काळवेणीचं सरळ अंतर ८०० आहे, म्हणून तिची लांबी मी १२०० धरली.

## टप्पा २: डोंगर आणि पाणलोटाची धार

नुसते डोंगराचे त्रिकोण काढू नका, उंचीचे आकडे लिहा. कागदभर पंचवीस-तीस ठिकाणी मीटरमध्ये आकडे टाका: किनाऱ्याला ०, मैदानाला १००-२००, पठाराला ५००-६००, माथ्याला १५००. मग सर्वांत उंच आकडे तुटक रेषेने जोडत जा. ही पाणलोटाची धार. तिच्या एका अंगाला पडलेला थेंब एका नदीचा, दुसऱ्या अंगाला पडलेला दुसऱ्या नदीचा.

ही रेषा कुठलीही नदी ओलांडत नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर उभं राहिलात की हे समजतं. तिथून निघालेली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. उगम एकाच माथ्यावर, समुद्र दोन. अरबी समुद्र तिथून सत्तरेक किलोमीटरवर असला तरी कृष्णेला त्याचा उपयोग नाही, कारण मध्ये धार आहे. ‘समुद्र इतका जवळ असताना माझी नदी एवढी लांब का जाते’ असं कुणी विचारलं, तर हेच उत्तर द्यायचं.

खबरदारी: नदीने डोंगररांग आरपार कापलेली दाखवायची असेल, तर कारण लागतं. नेहमीचं कारण हे, की नदी आधीची आणि डोंगर नंतर हळूहळू वर आला, त्यामुळे नदीला आपली वाट कापत राहता आली. नामचा बरवा शिखराला वळसा घालून उतरणारी ब्रह्मपुत्रा किंवा पूर्व घाटातल्या पापी टेकड्यांमधून जाणारी गोदावरी आठवा. अशी घळ नकाशावर एखादीच असावी.

## टप्पा ३: वारा आणि पाऊस

हा टप्पा लोक सरळ गाळतात, आणि मग वाळवंटातून भरलेली नदी का वाहते ते सांगता येत नाही.

पावसाळी वारा कुठल्या बाजूने येतो त्याचा मोठा बाण काढा. वारा डोंगराला जिथे धडकतो तिथे दाट ठिपके, डोंगराच्या पाठीला विरळ. महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत. तेवढ्या अंतरात पिकं, घरांची छपरं, जेवणाचं ताट, सगळं बदलतं.

काळवेणीचा वारा पश्चिमेचा आहे आणि तिचा उगम माथ्याच्या पूर्व अंगाला. म्हणजे डोक्यावर धो-धो पाऊस, आणि खाली उतरली की दोनशे किलोमीटर कोरडा मुलूख. तिथे नदीला पाणी आहे पण आभाळाला नाही. त्या मुलखात मोट, बंधारे आणि पाण्यावरून भांडणं असणार हे कथालेखकाला आयतंच मिळालं.

बर्फाचे डोंगर घेतलेत तर उन्हाळ्यातही पाणी राहील. घेतले नाहीत तर नदी उन्हाळ्यात आटेल. यातलं काय ते आत्ताच ठरवा, टप्पा ७ त्यावर उभा आहे.

## टप्पा ४: ओढे आधी, नदी नंतर

आता पेन्सिल हलकी धरा. पावसाच्या ठिपक्यांतून निघून कमी उंचीच्या आकड्याकडे जाणारे ओहोळ काढत चला. दोन ओहोळांचा ओढा, दोन ओढ्यांची लहान नदी. अशा पन्नास-साठ बारीक रेघा झाल्या की मुख्य नदी कुठली ते तुम्हाला ठरवावं लागत नाही, ती कागदावर दिसायला लागते. सर्वांत लांब धागा हातात धरा आणि तो ठळक करा.

काढताना हे सांभाळा:

१. संगमाचं टोक उताराकडे. उपनदी मुख्य नदीला तिरपी, वाहत्या दिशेला झुकून मिळते. फांदी बुंध्याला मिळते तशी, फक्त बुंधा म्हणजे मुख. उलट दिशेने येऊन भिडणारा संगम विरळा. कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि मग पूर्वेला वळतात, म्हणूनच तो प्रीतिसंगम बघायला लोक मुद्दाम जातात.

२. नद्या जुळतात, फुटत नाहीत. एका नदीच्या दोन होऊन दोन समुद्रांना गेल्या असं करू नका. दक्षिण अमेरिकेत ओरिनोकोचं काही पाणी कासिक्यारे नावाच्या प्रवाहाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातं हे खरं, पण त्याचं नाव भूगोलाच्या पुस्तकात येतं ते अपवाद म्हणूनच. बेटाभोवती फाटून पुन्हा जुळणं चालतं, आणि मुखापाशी फाटे फुटणं तर चालतंच.

३. तळ्याला वाट एक. येणाऱ्या नद्या कितीही, जाणारी एकच. काठाची जी जागा सर्वांत खाली तिथूनच पाणी सांडतं, आणि सांडता सांडता ती जागा आणखी खोल कापते. बाकीच्या वाटा आपोआप बंद होतात.

४. समुद्राला न मिळणारी नदी चालते, पण तिचं पुढे काय होतं ते दाखवा. अंगोलात उगम पावणारी ओकावांगो बोट्स्वानात आत जमिनीवरच पसरते आणि तिचं बहुतेक पाणी हवेत जातं. आपली लूणी कच्छच्या रणात विरते. अशा ठिकाणी दलदल किंवा खारवट जमीन हवी, आणि मीठ काढणारी वस्ती असेल तर उत्तम.

पडताळा: रुंदी संगमागणिक वाढली पाहिजे, पण दुप्पट नाही. दोन सारख्या नद्या मिळाल्या की खालचं पात्र साधारण १.४ पट रुंद होतं, कारण रुंदी पाण्याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढते. बाकीचं पाणी खोली आणि वेग यांत जातं. तळकोकणापासून मुंबईपर्यंत एकाच जाडीची नदी काढलेला नकाशा माझ्याकडे आहे. तो मीच काढलेला आहे, नववीत असताना.

## टप्पा ५: उताराचा छेद

वेगळ्या कागदावर आडवं अंतर आणि उभी उंची घेऊन नदीचा उभा छेद काढा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण घळ, धबधबा, वळणं आणि नावा कुठे ठेवायच्या हे प्रश्न सगळे इथेच सुटतात.

गोदावरीचे आकडे पाहा. ब्रह्मगिरीवर उगम १०६७ मीटरवर. जेमतेम तीस किलोमीटरवरच्या नाशिकला ती ६०० च्या खाली आलेली असते. पुढे नांदेडपर्यंत शेकडो किलोमीटर चालूनही उतरते फक्त सव्वादोनशे-अडीचशे मीटर, आणि राजमहेंद्रीला उंची २० मीटरच्या आत. छेद काढला तर आकार आतल्या बाजूला पोकळ दिसतो: सुरुवातीला कडा, मग लांबच लांब पसरट. तुमच्या नदीचा छेद घसरगुंडीसारखा सरळ आला असेल, तर उंचीचे आकडे पुन्हा मांडा.

आता छेदाच्या तीन भागांत काय काय बसतं ते:

वरचा भाग. पात्र अरुंद, दगडगोटे, घळी, डोह. काळ्या कातळात निघोजला कुकडीने कोरले तसे रांजणखळगे इथे शोभतात. धबधबा ठेवायचा तर वर कठीण खडक आणि खाली मऊ थर हवा. पाणी पायाशी पोखरतं, वरचा कातळ ढासळतो आणि धबधबा शतकानुशतकं उगमाकडे सरकत जातो. तुमच्या जगात हजार वर्षांपूर्वीचं मंदिर ‘धबधब्याच्या पायथ्याशी’ बांधलेलं असेल, तर आज ते धबधब्याच्या थोडं खाली असू द्या. तपशील एवढासाच, पण जगाचं वय त्यातून कळतं.

मधला भाग. डोंगर संपतो तिथे उतार एकदम मोडतो आणि नदी ओझं टाकते. गोटे, वाळू, मग गाळ. इथे पंख्यासारखं पसरलेलं मैदान होतं, आणि नदी त्यावर पात्र बदलत राहते. कोसी हे याचं भीषण उदाहरण. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहाजवळ बांध फुटला आणि ती शंभरहून अधिक किलोमीटर पूर्वेच्या जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली. कथेत सोडून दिलेलं जुनं शहर हवं असेल तर ते इथे ठेवा, कोरड्या पात्राच्या काठी. शाप वगैरे लागला नाही तरी भागेल.

खालचा भाग. वळणं. पाटणा समुद्रसपाटीपासून पन्नासेक मीटरवरच आहे आणि गंगेला तिथून समुद्रापर्यंत अजून शेकडो किलोमीटर जायचं असतं. एवढ्या कमी उतारावर नदी नागमोडी होणारच. वळणं डोळ्यांनी अंदाजे काढू नका. एका वळणापासून तशाच पुढच्या वळणापर्यंतचं अंतर पात्राच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट असतं. पात्र ३०० मीटर असेल तर हे अंतर ३ ते ४ किलोमीटर, म्हणजे ४० किलोमीटरच्या सेंटिमीटरवर ते दिसणारसुद्धा नाही. लहान प्रमाणाच्या नकाशावर वळणं सूचक ठेवा आणि कथा घडते त्या गावाचा वेगळा मोठा तुकडा काढा.

खबरदारी: उगमापासून मुखापर्यंत सारख्याच लाटा असलेली नदी ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. डोंगरात तिचं वळण दरीच्या हुकमाने येतं, मैदानात स्वतःच्या मर्जीने.

## टप्पा ६: मुख

त्रिभुज प्रदेश की खाडी, एवढंच ठरवायचं आहे. भरपूर गाळ आणि उथळ, फार न खवळणारा समुद्र असेल तर त्रिभुज प्रदेश. गोदावरी धवळेश्वरमच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा अशी फाटते ती यामुळे. भरती-ओहोटीचा जोर मोठा असेल तर खाडी, नर्मदा-तापीसारखी.

खाडी घेतलीत तर खारं पाणी आत कुठवर येतं ते रेघेने दाखवा. त्या रेघेच्या समुद्राकडे प्यायला विहिरी आणि तळी लागणार, शेतीला बांध लागणार. गोव्याच्या खाजन जमिनींत भरतीचं पाणी अडवायला बांध आणि त्याला मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, असतात, तशी काहीतरी सोय तुमच्या लोकांनीही शोधली असेल. त्रिभुज प्रदेश घेतलात तर बंदर फाट्याच्या टोकाला ठेवू नका, पाचपन्नास वर्षांत ते गाळाने भरेल. बंदर आत, किंवा मुखापासून बाजूला. काळवेणीचं जुनं बंदर आता समुद्रापासून बारा किलोमीटर आत आहे आणि तिथले नावाडी शेतकरी झाले आहेत.

## टप्पा ७: पाण्याचं वर्ष

बारा महिन्यांची पट्टी काढा आणि तीन ठिकाणी (वर, मध्ये, खाली) प्रत्येक महिन्यात पाणी किती ते लिहा: आटलेलं, गुडघाभर, पुरुषभर, पूर. हे न केल्यामुळे नायक भाद्रपदात घोड्यावरून नदी ओलांडतो आणि चैत्रात त्याच जागी त्याच्या शत्रूचं सैन्य बुडतं.

पुराला वेळ लागतो. सेकंदाला दोन मीटरने धावणारं पाणी दिवसरात्रीत १७० किलोमीटर जातं. काळवेणीच्या माथ्यावर ढगफुटी झाली तर मुखापाशी पाणी चढायला आठवडा लागेल. तेवढ्यात घोडेस्वार निरोप घेऊन पोचू शकतो, आणि त्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

दुसरी गोष्ट फुगवटा. मुख्य नदी तुडुंब असली की उपनदीचं पाणी तुंबतं आणि मागे चढतं. कृष्णेच्या फुगवट्याने पंचगंगा पसरते, तेव्हा वर पाऊस थांबलेला असला तरी काठच्या गावात पाणी वाढतच असतं. नृसिंहवाडीच्या संगमावर ज्यांनी पाणी मंदिरात शिरताना पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. पूर नेहमी वरूनच येतो असं नाही.

## टप्पा ८: आता माणसं

आता कुठे शहरांचे ठिपके. ट्रेसिंग पेपर नदीवर ठेवा आणि जागा शोधा. उताराची जागा, म्हणजे जिथे पायी ओलांडता येतं ती. संगमाचं टोक. नाव जिथून पुढे जाऊ शकत नाही ती धबधब्याखालची जागा, कारण तिथे माल उतरवावा लागतो आणि माल उतरला की बाजार भरतो. काठांपैकी उंच काठ निवडा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल असतं म्हणून धक्का तिथे, पण तो काठ कातळाचा असेल तरच, नाहीतर नदी दरवर्षी त्याचा घास घेत राहील. आतल्या अंगाला वाळू साठते. तिथे कलिंगडाच्या वाड्या, जत्रा, धुणी.

डावा तीर, उजवा तीर हे वाहत्या दिशेला तोंड करून ठरतात, नकाशाच्या डाव्या-उजव्या हाताने नाही. अनुभवी लेखकही इथे चुकतात.

प्रवासाचे दिवस मोजा. बैलगाडीला दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर पुरे. सेकंदाला मीटरभर वाहणाऱ्या पाण्यावर सोडलेली नाव दहा तासांत ३६ किलोमीटर जाते, वल्ही मारली तर जास्त. परत येताना तीच नाव दोराने ओढावी लागते, म्हणजे परतीचे दिवस वेगळे लिहा.

नावं शेवटी. एवढ्या लांब नदीला सगळीकडे एकच नाव असणं संशयास्पद आहे. भीमा पंढरपुराला चंद्रभागा होते, नाशिक-मराठवाड्यात गोदावरीला सर्रास ‘गंगा’ म्हणतात. नदीवरून मुलखाला नाव पडतं: गंगथडी, भीमथडी. काळवेणीला डोंगरातले लोक ‘धाकली’ म्हणतात, पठारावरचे काळवेणी, आणि मुखाकडचे नुसतं ‘पाणी’.

## टप्पा ९: जादू

एकच नियम मोडा आणि तो कुठे मोडला ते स्वतःपुरतं लिहून ठेवा. समजा अमावास्येला काळवेणी तीन प्रहर उलटी वाहते. हुगळीत आणि चीनच्या छ्यानथांग नदीत भरतीचा लोंढा उलटा चढतोच, त्यामुळे वाचकाला हे पटायला जड नाही. पण पुढचा हिशेब चुकवू नका: त्या रात्री वर जाणारा माल ओढण्याच्या खर्चाविना जातो, धक्क्याचा कर त्या रात्री दुप्पट असतो, खारं पाणी गोड्या विहिरींत शिरतं, आणि घाटावरच्या पाणचक्कीला उलटं फिरणारं चाक लागतं. हा हिशेब करायला कंटाळा येत असेल तर ती जादू नकाशावरून काढून टाका.

## शेवटचा हात

पेन्सिलीचं टोक मुखावर ठेवा आणि प्रत्येक उपनदीने उगमापर्यंत चढत जा. वाटेत उंचीचा आकडा कुठेही कमी झाला तर तिथे चूक आहे. मग दोरा नदीवर वळणावळणाने टाकून लांबी मोजा. टप्पा १ मधल्या आकड्याशी दहा-पंधरा टक्के फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर आकडा बदला, नदी नको.

हे जुळलं की नकाशाच्या दोन झेरॉक्स काढा आणि त्यातल्या एकीवर शाई लावा. कोसीसारखं पंख्याचं मैदान आणि त्रिभुज प्रदेशाचे फाटे मात्र पेन्सिलीतच राहू द्या. कथेत पन्नास वर्षं उलटली की ते तुम्हाला पुन्हा काढायचे आहेत.